चौदा रकान्यांचा कमोड

कुणाची निंदा करायची नाही, हा माझा बावीस वर्षांचा नेम आहे, आणि तो मी अजून एकदाही मोडलेला नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, पुढे जे येणार आहे ती निंदा नव्हे. माहिती आहे. माझ्या नवऱ्याबद्दल, सासूबाईंबद्दल, एका प्लंबरबद्दल आणि खालच्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंबद्दल थोडी माहिती. बास!

तर आमच्या घरातला कमोड. घरात एकच. त्याचा फ्लश दाबला की पेन्शनीला आलेल्या कारकुनानं सुस्कारा टाकावा तसा आवाज यायचा. पाणी यायचं, इकडेतिकडे बघायचं, आणि काम होतं तिथंच ठेवून निघून जायचं! मग मागून बादली ओतायची. एक, कधी दोन. आम्हाला त्याची सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते. लग्नाला एकतीस वर्षं झालेली बाई हे जरा अधिकारानं सांगू शकते.

पण गेल्या महिन्यात सासूबाई घसरल्या. वय एकोणऐंशी, उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. आता प्लास्टरच्या हातानं बादली उचलत नाही. डाव्या हातानं उचलायला गेल्या, तर अर्धी कमोडमध्ये आणि अर्धी पायावर.

“आई, मी ओतत जाईन ना,” मी म्हणाले.

“माझ्यामागून तू? त्यापेक्षा मी जाणारच नाही!”

बोलल्या ते खरं करून दाखवलं. जाणं टाळायचं तर पिणं टाळायला हवं, असा सरळ हिशोब. सकाळी अर्धा कप चहा. दुपारी जेवताना दोन घोट. ओठांच्या साली निघाल्या, डोळे खोल गेले, एकदा उठताना चक्कर आली. डॉक्टर रागावले. “आजी, दिवसाला दोन लिटर पाणी गेलंच पाहिजे.”

“तुमच्याकडे फ्लश होतो. तुम्ही प्या!” सासूबाई म्हणाल्या.

मग मात्र मी उठले. माझा आवाज मुळातच लहान. आमच्याकडे पंखा चालू असला तर मी काय बोलते ते पंख्यालाच ठाऊक. पण त्या दिवशी मी पंखा बंद केला आणि म्हणाले, “आठ दिवस! आठ दिवसांत या घरात नवा कमोड बसवून दाखवते. आई आपल्या हातानं फ्लश करतील आणि तांब्याभर पाणी पितील. त्यात काय अवघड आहे? दुकानात जायचं, कमोड घ्यायचा, यायचं!”

ह्यांनी पेपर खाली ठेवला. चष्मा पुसला.

“म्हणजे खरेदी,” हे म्हणाले.

आणि मी पंखा पुन्हा चालू केला.

हे तेहतीस वर्षं खरेदी खात्यात होते. हे नोकरीला लागले त्या वर्षी खात्यानं एक पंखा घ्यायचं ठरवलं होतं. तो पंखा आला ह्यांच्या निरोप समारंभाला. तोही ऐन थंडीत! अशा माणसाच्या हातात मी कमोड दिला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फाईल आली. फाईलवर सुवाच्य अक्षरात ‘विषय: क.’ असं लिहिलं होतं. कमोड हा शब्द जेवणाच्या टेबलावर नको, हा ह्यांचा सुसंस्कृतपणा. आत चौदा रकान्यांचा तक्ता. टाकीची क्षमता. चकाकीची प्रत. झाकण किती सेकंदांत मिटतं. मिटताना आवाज किती. हमी कशाची आहे आणि कशाची नाही. तीन दुकानांची दरपत्रकं. रोज संध्याकाळी बैठक. बैठकीला मी आणि सासूबाई. आमच्या दोघींच्या सह्या घेऊन इतिवृत्त. सासूबाई डाव्या हातानं सही करायच्या, ती बघून हे म्हणायचे, “आई, ही जुळत नाही.”

“मग मला पुन्हा जन्माला घाल,” सासूबाई म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. फोन स्पीकरवर टाकून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, आधी टाकी उघडून बघितलीत का?”

“टाकी उत्तम आहे!” हे म्हणाले.

“टाकीला काही धाड भरलेली नाही!” सासूबाई आतून ओरडल्या.

“टाकीचं राहू दे गं,” मी म्हणाले.

लेकीनं फोन ठेवून दिला. या घरात कशावरही एवढं एकमत झालेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकान कसलं, काचेचा महाल! आत कमोड असे मांडलेले की चप्पल काढावीशी वाटावी. गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता पुढे आला. तो कमोडला कमोड म्हणतच नव्हता. ‘ही मालिका’, ‘ती मालिका’ म्हणत होता. मधोमध एका चौथऱ्यावर एक कमोड चालू ठेवलेला होता. त्याच्या पाठीमागून पाइप निघून भिंतीआडच्या पंपात जायचा आणि तेच पाणी फिरून टाकीत यायचं. विक्रेत्यानं त्यात दहा प्लास्टिकचे चेंडू टाकले. बटन दाबलं. चेंडू गडप! मागच्या जाळीतून त्यानं ते गोळा केले आणि जादूगारासारखा वाकला.

मी टाळी वाजवणार होते. पण हे म्हणाले, “चेंडू हलके असतात.”

“सर?”

“प्रत्यक्ष वापरात चेंडू नसतात.”

आणि ह्यांनी पिशवी उघडली. पिशवीत उकडलेले बटाटे! सकाळी मला उकडायला लावले होते, सालासकट, लहान-मोठे मिळून नऊ. मला वाटलं होतं, हे प्रवासाची सोय करताहेत.

“अहो!” मी म्हणाले. पण तिथं पंखे होते.

“सर, ते प्रात्यक्षिक...” असं विक्रेता म्हणेपर्यंत बटाटे आत गेले होते. ह्यांनी बटन दाबलं. पाणी धबाधबा आलं. एक बटाटा, दोन बटाटे, नऊच्या नऊ बटाटे नाहीसे झाले! ह्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, जे मी आमच्या लग्नाच्या फोटोतही शोधून दमले आहे. त्यांनी खिशातून तक्ता काढला आणि अकराव्या रकान्यात बरोबरची खूण केली.

तेवढ्यात भिंतीआड पंप कण्हला. चेंडू अडवणाऱ्या जाळीतून उकडलेला बटाटा आरामात पुढे सरकतो, हे कळायला आम्हाला दोन क्षण लागले. पंप आधी कण्हला, मग खोकला, मग त्यानं जे काही गिळलं होतं ते आल्या वाटेनं परत केलं! कमोडमधून बटाट्याचं कारंजं उडालं. शेजारी एक नवं जोडपं टब बघत उभं होतं. त्यातल्या नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर सालासकट पुरावा बसला.

मालक आले. त्यांनी चौथऱ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, ह्यांच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं.

“हा पीस आता तुमचा,” ते म्हणाले.

“पण अजून तीन रकाने...”

“तुमचा!”

अशा रीतीनं चौदा रकाने, तीन बैठका आणि नऊ बटाटे यांच्या विचारविनिमयातून आमचा कमोड निवडला गेला. घरी येताना हे म्हणाले, “फ्लश मात्र जोरदार आहे.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी प्लंबरदादा आले. हे गृहस्थ शस्त्रक्रियेला आल्यासारखे येतात. हत्यारं पुसून मांडतात, सगळ्यांना बाहेर काढतात, चहा मागतात. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, “आधी टाकी बघू का जरा?”

“तुम्हाला बदलायला बोलावलंय,” हे म्हणाले. “तपासणीचा टप्पा झाला.”

“बदलायला तर बदलायला. आपल्याला काय!” दादांनी खांदे उडवले आणि हातोडा उचलला.

जुना कमोड सिमेंटमध्ये बसवलेला होता. तीन घाव, आणि वीस वर्षांची सोबत तुकडे तुकडे होऊन गोणीत गेली. मग त्यांनी भिंतीवरची टाकी खोलली, झाकण काढलं, आत डोकावले आणि म्हणाले, “काकू, इकडे या. काका, तुम्ही पण या. आजींना आणा.”

त्यांनी टाकीतून पाण्यानं भरलेली एक बाटली काढली. बुचासकट. फरशीवर ठेवली.

बाटली माझीच होती. सरबताची. पाणी वाया घालवणं मला पाप वाटतं. कुठंसं वाचलं होतं की टाकीत भरलेली बाटली ठेवली की दर फ्लशला तेवढं पाणी वाचतं. दोन वर्षांपूर्वी ठेवली होती, गुपचूप. सांगितलं असतं तर बैठक झाली असती. आणि खरं सांगते, एका बाटलीनं काय होतंय!

आता कबूल करावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच दादांनी दुसरी बाटली काढली.

ती मोठी होती. तिच्यावर ह्यांच्या खात्याचं लेबल होतं. लेबलवर ह्यांच्या सुवाच्य अक्षरात, ‘नग: एक. हलवू नये.’

मग तिसरी. जाड काचेची. हिरवट. त्या बाटलीतलं गुडघ्याचं तेल मी स्वतः चार वर्षं सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळलं आहे.

तीन बाटल्या फरशीवर रांगेत उभ्या राहिल्या आणि आम्ही तिघं त्यांच्यासमोर रांगेत उभे राहिलो. जणू ओळखपरेड! फक्त कोण कुणाला ओळखणार, एवढंच बाकी होतं.

कुणीही कुणाला ओळखलं नाही.

एरवी एक पेन हरवलं तरी चौकशी लावणारा माझा नवरा म्हणाला, “असतं असं. जुन्या टाक्यांत.”

“आधी राहणाऱ्यांच्या असतील,” सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या.

या घरात पहिल्यापासून आम्हीच राहतो.

“असतील, असतील,” मी म्हणाले. तशी मी खोटं बोलत नाही. ‘असतील’ हे काही विधान नव्हे.

दादा गोणीकडे बघत होते. “या तीन बाटल्या काढल्या असत्या ना काका, तर तुमचा जुना कमोड हत्ती वाहून नेईल असा चालला असता.” मग त्यांनी गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं, कुणाच्या तरी अंत्यविधीला उभं राहावं तसे क्षणभर उभे राहिले, आणि हॉलमधून नवा कमोड उचलून आणला.

आणला. ठेवला. उचलला. फिरवला. पुन्हा ठेवला.

“काका, याचं तोंड मागं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे याचं सगळं मागं भिंतीत जातं. तुमचं भोक खाली, जमिनीत आहे.”

दुकानातल्या चौथऱ्यावर पाइप पाठीमागून निघून पंपात जात होता, ते आम्ही दोघांनी चार डोळ्यांनी बघितलं होतं. चौदा रकान्यांत झाकणाच्या आवाजाला जागा होती. घाण कुठून बाहेर पडणार, याला नव्हती!

“काही तोड?” ह्यांनी विचारलं.

“बेंडचा वाकडा पाइप टाकता येईल. पण मग कमोड एवढा पुढे येतो.” दादांनी हात पसरून दाखवलं. “दार लागणार नाही. बसणाऱ्याचे गुडघे पॅसेजमध्ये येतील.”

“दार उघडं टाकून बसू?” सासूबाई म्हणाल्या. “येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारायला बरी सोय होईल.”

दादांनी हत्यारं आवरली. आमच्याकडे आता वाईट फ्लश होणारा कमोड नव्हता. कमोडच नव्हता! होतं ते एक भोक, त्यात कोंबलेला बोळा, आणि हॉलमध्ये सोफ्याशेजारी एक पांढराशुभ्र पाहुणा.

हे ताबडतोब कामाला लागले. म्हणजे पत्र लिहायला. दुकानदाराला, माल बदलून मिळण्याबाबत. “पंधरा दिवसांची मुदत देऊ,” हे म्हणाले. “उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र.”

आणि आम्ही? आम्ही खाली वकिलीणबाईंकडे.

वकिलीणबाई फार गोड. इतक्या गोड की त्यांच्याशी बोलून वर आलं की चूळ भरावीशी वाटते. “अगं बाई, त्यात काय! आजी, मुळीच संकोच करायचा नाही हं! मी जिन्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, आजी कधीही येतील, वाट अडवू नका म्हणून!” वर त्यांनी विचारलं, “म्हणजे साधारण कितीला येता? तेवढ्या वेळात आमच्या ह्यांची आंघोळ नको.”

ज्या बाईला सुनेनं मागून बादली ओतलेली चालत नव्हती, तिच्या वेळेवर आता एका वकिलाची आंघोळ ठरणार होती!

सासूबाई पहिल्या दिवशी दोनदा गेल्या. दुसऱ्या दिवशी एकदा. अर्ध्या कपाचा चहा पाव कपावर आला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना धरून वर आणत होते, तर मधल्या वळणावर त्यांचा पाय लटपटला. त्या तिथंच पायरीवर बसल्या. प्लास्टरचा हात मांडीवर, पदर ओठांवर. मला म्हणाल्या, “सूनबाई, उद्यापासून जेवणच सोडते. खाणं नाही, पिणं नाही. प्रश्नच मिटला.”

हसत म्हणाल्या. डोळे हसत नव्हते.

मी त्यांना नेऊन पलंगावर निजवलं आणि बाहेर आले. हे टेबलाशी बसून ‘माननीय महोदय’ लिहीत होते. मी ह्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याला टोपण लावलं. एवढंच. पण एकतीस वर्षांत मी ह्यांच्या पेनाला टोपण लावलं नव्हतं.

“अगं, पण मुदत...”

“आईंची मुदत संपत आली आहे,” मी म्हणाले. हळूच म्हणाले. पंखा चालू होता, तरी ह्यांना ऐकू गेलं.

मी त्या भोकाशी गेले, बोळ्यावरून भिंतीपर्यंत सुतळी धरली, भोकाच्या मध्यावर गाठ मारली आणि सुतळी पर्समध्ये टाकली. सासूबाईंना गाडीत घातलं. चार गल्ल्या सोडून एक हार्डवेअरचं दुकान आहे. काच नाही, टाय नाही. पाइपांच्या जंगलात एक जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई बसलेल्या असतात.

“कमोड हवाय,” मी म्हणाले.

बाईंनी मान वर केली. “बसणार कोण?”

आमच्या घरात तीन बैठका झाल्या होत्या. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता!

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

“मग बसा ना आजी! उभ्यानं काय कळणार?”

दुकानाबाहेर पायरीवर पाच कमोड मांडले होते, सरळ रस्त्याकडे तोंड करून. मला वाटलं, आता या मागे फिरतात. पण सासूबाईंनी निऱ्या सारख्या केल्या आणि पहिल्यावर बसल्या. “खोल आहे. विहिरीत बसल्यासारखं वाटतं.” दुसऱ्यावर बसल्या. “हा टोचतो.” रस्त्यावरून माणसं जात होती, एक सायकलवाला तर वळून बघता बघता खांबावर जाणार होता. महिनाभर कुणाला कळू नये म्हणून जिनं पाण्याचा घोट सोडला होता, ती बाई भर बाजारात एका कमोडवरून दुसऱ्यावर बसत, मान डोलवत निघाली होती!

चौथ्यावर बसल्या आणि उठल्या. कुणाचाही हात न धरता. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

“हा,” म्हणाल्या. “हा उंच आहे. यावरून माणसाला आपलं आपण उठता येतं.”

“बटन मोठं आहे, आजी. कोपरानं दाबलं तरी चालतं,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. “पाइप जमिनीत की भिंतीत? भिंतीपासून किती?”

मी सुतळी काढली. त्यांनी ती कमोडच्या बुडाशी धरली. गाठ बरोबर मध्यावर आली.

त्याच दुपारी प्लंबरदादांनी तो बसवला, टाकी भरली, आणि बाहेर येऊन म्हणाले, “आजी, मान तुमचा.” आम्ही सगळे दाराबाहेर उभे राहिलो. नको तिथं मान द्यायची आम्हाला फार हौस.

आतून आवाज आला. आवाज कसला, धरणाचा दरवाजा उघडावा तसा! भिंत थरथरली, बाहेरच्या बेसिनवरचा पेला हलला. खालून वकिलीणबाई दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आल्या. “अहो, काय झालं? काय पडलं?”

दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“पडलं नाही,” त्या म्हणाल्या. “गेलं.”

आणि खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. एक तांब्या प्यायल्या. मग दुसरा. हे तक्ता हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो हळूच घडी करून खिशात ठेवला. हॉलमधल्या पाहुण्याला आम्ही बाल्कनीत हलवलं आहे आणि त्यात कोरफड लावली आहे. छान आली आहे. बटाट्याचं खत असावं.

इथवर सगळं गोड झालं. म्हणजे तुम्हालाही वाटेल, आणि मलाही वाटलं. पण सासूबाई आता दिवसाला तीन लिटर पाणी पितात. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून एक जास्त. आणि पहाटे पाचला त्यांचा पहिला फेरा होतो. नुसता होत नाही, जाहीर होतो! एकदा कामासाठी दाबतात. एकदा खात्रीसाठी. तिसऱ्यांदा आनंदासाठी. मी म्हटलं, “आई, अख्खी इमारत जागी होते.” तर म्हणाल्या, “होऊ दे! म्हातारी अजून आपलं आपण करते, हे सगळ्यांना कळू दे.”

माझा पहाटेचा जप पाच ते सहा असतो. मौनात. पहिली गर्जना झाली की माळेचा मणी निसटतो, मी निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. दुसऱ्या गर्जनेला पुन्हा. तिसऱ्या गर्जनेला पुन्हा. काल एकशेसहाव्या मण्यावर होते. दोनच राहिले होते. तेवढ्यात सासूबाईंनी चौथ्यांदा दाबलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मौनात माझ्या तोंडून एक शब्द निघाला.

चांगला खणखणीत निघाला. पंखा चालू असूनही हे झोपेतून उठून बसले!

आणि खरं सांगू? तो कुठल्याही स्तोत्रात सापडायचा नाही.